मुंगीचं नाव

जगभरातली माणसं तिला ताई म्हणायला लागली ती धाकट्यामुळे. अगदी सुरुवातीला तिच्या कामाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाचं पत्र सगळ्यांना जाणाऱ्या यादीवर, मूठभर माणसं होती, आणि धाकटा तिथंही आपल्या थोरल्या बहिणीला घरातल्यासारखंच "ताई, हे बघितलंस का" असं लिहायचा. लांबलांबच्या देशांतल्या लोकांना वाटलं, बाईंचं नावच ताई. पुढे तिच्या वडिलांच्या वयाचे, पांढऱ्या दाढीचे प्राध्यापकसुद्धा "आदरणीय ताई" अशी सुरुवात करून लिहू लागले. धाकटा ती पत्रं आईला वाचून दाखवायचा आणि आई हसून हसून बेजार व्हायची.

ताई आधी एका कापडगिरणीत होती, मागांवर नजर ठेवणाऱ्या संगणकांच्या खोलीत. ते संगणक पुरवणारी कंपनी बुडाली. त्यांच्या आतली सिस्टिम कुणाला वाचायलाच मिळत नव्हती, मग दुरुस्त कोण करणार? धडधाकट यंत्रं भंगारात निघाली. ताईनं त्यातली काही घरी आणली, मागच्या खोलीत मांडली आणि त्यांच्यासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. लिहिलेलं सगळं उघड्यावर ठेवायचं. कुणीही वाचावं, बदलावं, वापरावं, पुढं द्यावं. अट एकच, पुढं देतानाही उघडंच द्यायचं.

शेजारणी आईला विचारायच्या, "पोरगी दार लावून करते तरी काय?"

आई सांगायची, "अहो, घरात कर्ती बाई असते ना, तसं असतं ते संगणकात. सगळ्यांना उठवायचं, कामाला लावायचं, भांडणं सोडवायची. धडपणे चाललंय तोवर कुणाचं लक्ष नसतं. अंथरूण धरलं की कळतं."

नाव धाकट्यानं दिलं. उघड्या टाकलेल्या एका संगणकाच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरून मुंगी चालली होती. तो म्हणाला, "मुंगी ठेव. एवढीशी असते, पण आपल्याहून मोठं ओझं ओढते." ताईला नावं कधी सुचायची नाहीत. ती बरं म्हणाली.

कामाची वाटणी न बोलता झाली. आतलं सगळं ताईचं, बाहेरचं धाकट्याचं. तिच्या खोलीत भिंतीला लावून मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर जुनी यंत्रं, प्रत्येकाला त्याच्या दुखण्यावरून नाव दिलेलं. एक दमेकरी होतं, एक बहिरं, एक नुसतंच रडकं. कुणाचा पॅच, म्हणजे सिस्टिममधली लहानशी दुरुस्ती आली, की ताई ती या सगळ्या रोग्यांवर चालवून बघायची. धाकटा नवख्यांच्या शंका सोडवायचा, संमेलनांना जायचा, व्यासपीठावर उभा राहून लोकांना हसवायचा. "माझी बहीण घर सांभाळते, मी फक्त दारात उभा राहून या-या म्हणतो," असं तो म्हणायचा, आणि टाळ्या पडायच्या.

पण ताईची जीभ म्हणजे कात्री. चुकीचा पॅच आला की ती चारचौघांत लिहायची, "हे ज्यानं लिहिलं त्यानं चालवून पाहिलेलं नाही. मी पाहिलं. माझी दुपार परत करा." माणसं दुखावून निघून जायची. धाकटा मागून त्यांना वेगळं पत्र लिहायचा, फोन करायचा, समजूत काढायचा. काही परतायची, काही नाही. ताई म्हणायची, "गेली ती गेली. वाईट काम सिस्टिममध्ये शिरलं की काढता काढता जन्म जातो." यात तिचं चुकत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

तिच्या कात्रीतून टिकून राहिलेला एक होता वेल्डर. खरोखरच वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला होता, सुटीच्या दिवशी प्रोग्रामिंग शिकला होता आणि त्याच शहरात राहायचा. त्याचा पहिला पॅच ताईनं इतक्या वेळा परत पाठवला की दुसरा कुणी असता तर त्यानं संगणक विकून टाकला असता. हा एका रविवारी घरीच आला आणि म्हणाला, "ताई, कागदावर नाही कळत. दाखवा." तेव्हापासून तो दर रविवारी यायचा. आई त्याला चहा द्यायची आणि ताई त्याला शिव्या द्यायची. दोन्ही तो गुमान घ्यायचा.

मुंगी वाढली. शाळांत गेली, ग्रंथालयांत गेली, छोट्या दवाखान्यांत गेली. मग कुणीतरी त्याच नावाखाली, आत जाहिराती आणि चोरट्या गोष्टी कोंबून, भलतीच सिस्टिम विकायला काढली. धाकटा काळजीत पडला. एका दुपारी तो मागच्या खोलीत आला. ताई दमेकऱ्याचा पंखा उघडून बसली होती, दातांत वायर धरलेली.

"ताई, नावाची नोंदणी करून टाकतो. एक संस्था काढतो, नाव संस्थेच्या मालकीचं. अध्यक्ष मी होतो, तुला सह्या आणि सभांचा कंटाळा. चालेल ना?"

"हं," ताई म्हणाली.

एवढंच. पुढे कित्येकांनी तिला विचारलं, भावानं तुम्हाला फसवलं का? आणि तिला खोटं बोलता यायचं नाही. त्यानं सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं.

संस्थेला जागा मिळाली, माणसं मिळाली. इस्पितळांच्या काउंटरवर ठेवायची यंत्रं बनवणारी एक कंपनी आली. नंबराची चिठ्ठी देणारी, पडद्यावर पुढचा नंबर दाखवणारी यंत्रं. कंपनीनं मुंगी घेतली आणि संस्थेला पैशाचा भक्कम आधार दिला. वेल्डरला त्याच कंपनीत नोकरी लागली. कारखान्यातल्या ठिणग्यांनी त्याचे डोळे अधू होत चालले होते, त्यामुळे ताईला मनापासून बरं वाटलं. आता त्याच्या रविवारांत खंड पडायला लागला, पण कामाचा माणूस म्हटला की ते आलंच.

मग एक दिवस कंपनीकडून पॅच आला. मोठा होता, नीटनेटका होता आणि वेल्डरच्या हातचा होता. त्यानं काय होणार, तर यंत्र चालू होताना सिस्टिमवर कंपनीचा शिक्का आहे का बघणार. असला तर उठणार, नसला तर ढिम्म. म्हणजे मुंगी वाचायला सगळ्यांना मोकळी, पण विकत घेतलेल्या यंत्रात स्वतः बदल करून चालवायला बंदी.

ताईनं वाचलं आणि एका ओळीत उत्तर दिलं. "घराला कुलूप लावा. घरातल्या माणसाला लावू नका." पॅच परत.

त्या रविवारी धाकटा आला, सोबत भावजय. भावजय आईजवळ बाहेर बसली. धाकटा मागच्या खोलीत स्टूल ओढून बसला.

"ताई, कुलूप त्यांना सुरक्षेसाठी हवंय. इस्पितळातलं यंत्र आहे. कुणीही सोम्यागोम्या उठून बदल करेल, असं नको ना?"

"ज्या इस्पितळानं विकत घेतलंय त्याच्याकडे किल्ली द्या. मग लावा कुलूप."

"ते कंपनीला मान्य नाही."

"मग सुरक्षा कुणाची? गिरणीत काय झालं विसरलास? उद्या कंपनी बुडाली की ही सगळी यंत्रं भंगारात."

"तू अजून त्या गिरणीतून बाहेरच आली नाहीस," धाकटा म्हणाला. "कंपनी गेली तर संस्था बंद. माणसांचे पगार बंद. वेल्डर परत कारखान्यात. त्याचे डोळे बघितलेस?"

"मला कुणाचे डोळे दाखवून सह्या मागू नकोस."

"सही मागतच नाही मी. संस्थेची समिती आहे. समितीत मत होईल."

ताईनं हातातला पेचकस खाली ठेवला. "माझ्या सिस्टिममध्ये काय जावं याचं मत घेणार?"

"तुझ्या?" धाकट्याचा आवाज चढला. "वर्षानुवर्षं तू लोकांना हाकलत होतीस आणि मी त्यांचे पाय धरून परत आणत होतो. एकटीनं केलंस हे? ज्यांनी केलं त्यातले अर्धे तुझ्या भीतीनं माझ्याशी बोलायचे. लोकांना वाटतं ताई म्हणजे माया. मला विचारा म्हणावं."

बाहेर कपबशांचा आवाज थांबला. आई आणि भावजय दोघी ऐकत होत्या. जाताना भावजय दारात म्हणाली, "ताई, तुम्ही थोरल्या. थोडं पडतं घ्या." ताई म्हणाली, "थोरली म्हणूनच नाही घेत."

सभा संगणकाच्या पडद्यावर झाली. समिती पाच जणांची होती. ताईनं आपलं म्हणणं मांडलं, धाकट्यानं आपलं. दोन मतं इकडे पडली, दोन तिकडे. उरला वेल्डर.  तो म्हणाला, "ताई, तुम्ही बरोबरच असता. पण तुमच्याजवळ बसवत नाही हो माणसाला. मला कुणी चारचौघांत मूर्ख म्हटलं नाही अशी ही पहिलीच जागा मिळालीय." आणि त्यानं कुलपाच्या बाजूनं मत दिलं.

कंपनीच्या पगारावर आहे म्हणून असं म्हणाला, असं स्वतःला समजावणं सोपं होतं. ताईनं तसं समजावून पाहिलं. पटेना.

ती बाहेर पडली. कायद्यानं तिला कुणी अडवू शकत नव्हतं. सिस्टिम उघडी होती, तिनं सगळीच्या सगळी उचलली, कुलूप सोडून, आणि लिस्टवर लिहिलं, मी माझी मुंगी घेऊन वेगळी होते, यायचं त्यानं यावं. थोडी माणसं आली. जुन्या मंडळींतल्या एकानं लिहिलं, "वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि आयत्या बिळावर नागोबा!" ताईला हसू आलं, आणि पाठोपाठ वाटलं की नागोबा म्हणजे आपला धाकटाच की. तिनं त्या माणसाला खडसावलं, "माझ्या भावाबद्दल जपून बोला." तो बिचारा गोंधळला.

काही दिवसांत संस्थेचं पत्र आलं. "महोदया, 'मुंगी' हे नाव व मुंगीचे बोधचिन्ह या संस्थेच्या मालकीचे असून आपण त्याचा वापर तत्काळ थांबवावा, अन्यथा..." खाली धाकट्याची सही. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायला तिनंच शिकवलेल्या हाताची ती सही.

आईनं विचारलं, "काय आलंय?"

"महोदया म्हणतोय तुझा मुलगा मला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आता ओळख ठेवू नका म्हणतोय."

आईनं धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, हे वकिलानं लिहिलंय. नाव सांभाळलं नाही तर हातचं जातं, असा कायदा आहे. मला काय हौस आहे?" आई म्हणाली, "मला दोन मुलं. एक म्हणतं कायदा, एक म्हणतं तत्त्व. आई कुणी म्हणतच नाही." आणि फोन ठेवला.

नाव काढायचं म्हणजे पाटी बदलण्याइतकं सोपं नव्हतं. इतक्या वर्षांत ते सगळीकडे मुरलं होतं. सिस्टिम चालू होताना पहिली ओळ, "मुंगी उठली." बंद होताना शेवटची, "मुंगी निजली." चुकांच्या सूचनांत, फायलींच्या नावांत, कुणीतरी गमतीनं केलेल्या शेऱ्यांत. एका फटक्यात शोधून पुसलं तर सिस्टिम उभीच राहीना, कारण एक भाग दुसऱ्याला त्याच नावानं हाक मारायचा. मग ताई एकेक फाईल उघडायची, एकेक मुंगी काढायची, सगळ्या रोग्यांवर चालवून बघायची, पुढची उघडायची. कैक ठिकाणी शेजारी धाकट्याच्या हातच्या जुन्या टिपा होत्या. "ताईला विचारणे." "ताई रागावेल, पण इथे असंच करावं लागतं." टिपा तिनं राहू दिल्या. त्या काढायला कायदा सांगत नव्हता.

नव्या सिस्टिमला नाव काय द्यायचं? ते खातं कायम धाकट्याचं. तिला सुचेना. फोल्डरवर "नवी" लिहिलं होतं, तेच चिकटलं.

नवी नीट चालत होती. मुंगीतली एक जुनी व्याधी, जी वर्षानुवर्षं भिजत पडली होती, तीही ताईनं नवीत शोधून काढली. यंत्र झोपेतून उठताना कधीमधी गोठायचं. कारण साधं होतं. डिस्कची हाक येऊन गेलेली असायची, आणि यंत्र त्यानंतर कान लावून बसायचं, आता हाक येईल, मग येईल. ती हाक पुन्हा कशाला येते! ताईनं क्रम उलटा केला, आधी कान, मग झोप. एवढ्या चार ओळींसाठी तिचे कितीतरी आठवडे गेले.

त्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ताई तिला इस्पितळात घेऊन गेली. दारातच काउंटरवर ते यंत्र, अंगावर मुंगीचं चित्र. आईनं चष्म्यातून वाकून पाहिलं आणि खूश झाली. नंबराची चिठ्ठी मिळाली, दोघी बाकावर बसल्या. पडद्यावर एक नंबर लागला आणि तोच राहिला. अर्धा तास झाला, हलेना. माणसं कुरकुरायला लागली. काउंटरवरचा कारकून यंत्रावर थापट्या मारत होता.

"सिस्टिम गेली," तो म्हणाला. "आठवड्यातून दोनदा जाते. झोपते ती उठतच नाही."

आई ताडकन म्हणाली, "अहो, हिनंच बनवलंय ते!"

"हो का?" कारकुनानं ताईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग करा की चालू, बाई."

सगळं बाक तिच्याकडे बघत होतं. ताई उठली. तिच्या पर्समध्ये नवी होती, पेन ड्राइव्हवर. ती चार ओळींची दुरुस्ती त्यात होती. इस्पितळाचं यंत्र, इस्पितळाचा माणूस समोर, तो हो म्हणतोय. तिनं ड्राइव्ह लावला, यंत्र बंद करून चालू केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. "अनधिकृत सिस्टिम. अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा." ड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलं, तरी तीच अक्षरं.

"काय झालं?" कारकुनानं विचारलं.

"मला येत नाही," ताई म्हणाली.

कारकुनानं कागदाचे कपटे फाडून हातानं नंबर लिहायला घेतले. आधीच्या चिठ्ठ्या कुठल्या, नव्या कुठल्या, काही मेळ राहिला नाही. लांबून आलेला एक म्हातारा आपला नंबर गेला म्हणून रडकुंडीला आला आणि शेवटी तपासणी न करताच निघून गेला, परतीची गाडी चुकेल म्हणून. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तू येत नाही म्हणालीस ते मला आवडलं नाही."

त्यानंतर धाकटा आला. फोन न करता, एकटाच. हातात कागद. आधी आईजवळ बसला, डोळ्याची विचारपूस केली, औषधं बघितली. मग मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, झोपेच्या दुखण्यानं वात आणलाय. सगळीकडून तक्रारी येतायत. वेल्डर म्हणतो, तू ते बरं केलंयस."

"मग?"

"ते घ्यायचंय आम्हाला. वकील म्हणतो, तुझी लेखी परवानगी असावी. तू वेगळी झालीस ना. उद्या भानगड नको."

"परवानगी? अरे, ते सगळं उघड्यावर पडलंय. कुणीही न्यावं. परवानगी लागते ती तुझ्याकडच्या वस्तूला, बाबा. माझ्याकडे कसलं आलंय कुलूप?"

"मला माहिती आहे. तरी सही कर."

"नाही करणार. आणि तुला अडवणारही नाही. न्यायचं तर न्या, आणि रोज घोर लागू दे जिवाला, ताई कोर्टात गेली तर काय म्हणून."

"तू जाणार नाहीस."

"मला माहितीय. तुला नाहीय, म्हणून तर कागद घेऊन आलास."

धाकट्याचा चेहरा उतरला. क्षणभर तो स्टुलावर बसेल असं वाटलं. ताईला वाटलं, बसला तर आपण काहीतरी बोलू. पण तो म्हणाला, "कंपनीला सांगतो तसं," आणि चपला घालायला गेला.

पुढच्या महिन्यात मुंगीची नवी आवृत्ती निघाली. झोपेचं दुखणं गेलं. बदलांच्या यादीत त्यापुढे लिहिलं होतं, "बाहेरून आलेली दुरुस्ती." वेल्डरनं आत ताईचं नाव घातलं होतं, आणि वकिलानं ते काढायला लावलं, असं कुणीतरी तिला कळवलं. खरं असेल, नसेलही. वेल्डर स्वतः काही बोलला नाही.

आईचं ऑपरेशन झालं, डोळा चांगला आला. धाकटा ठरल्या वाराला तिला भेटायला येतो. ताई आणि तो एकमेकांशी थेंबांबद्दल बोलतात, किती वाजता घालायचे, कुठला आधी. त्यापलीकडे नाही.

नवी वापरणारी माणसं थोडीच आहेत. अलीकडे एका अनोळखी माणसानं पॅच पाठवला. वाईट होता. चालवून पाहिलेला नव्हता, हे पहिल्या ओळीतच कळत होतं. ताईनं नेहमीसारखं उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसलं. मग दोन तास खर्चून नवं लिहिलं. काय चुकलंय, का चुकलंय, कसं करता येईल, आणि शेवटी, पाठवल्याबद्दल आभार. असं तिनं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

त्याचं उत्तर आलं नाही. आठवडाभर वाट पाहून तिनं तो पॅच स्वतःच दुरुस्त केला, त्याच्या नावानं आत घातला, आणि दमेकऱ्यावर चालवून बघायला उठली.